काट्याकडे पाठ

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच गोष्ट नजरेत भरते : वजनाचा काटा. माणसाच्या उंचीचा, पांढरा, वर गोल तबकडी. त्याला तीन बाजूंनी घडीचा कापडी आडोसा. आडोशाच्या आत एक टेबल, टेबलावर कार्डांची पेटी आणि पेटीमागे थेल्मा हॅस्लम. नाकावर चष्मा, हातात पेन्सिल. जागा म्हणाल तर चर्चचं सभागृह, लँकाशायरमधल्या एका गिरणगावातलं. गिरण्या कधीच बंद पडल्या होत्या. मार्च महिना, गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच. उजवीकडून बायकांची रांग येते. बाहेर गारांचा सडाका चालला आहे, पण कोटाखाली प्रत्येकीनं घरातला पातळातला पातळ झगा घातला आहे. बूट काढलेले, कानातली मुठीत. डोरा नावाची एक म्हातारी तर चष्म्याचंही वजन नको म्हणून तो काढून ठेवायची आणि चाचपडत आडोशात शिरायची.

रांगेत सातवी बेरिल शॉक्रॉस. वय अठ्ठावन्न, गाल लाल, उजवा पाय ओढत चालणारी. गावात तिला ओळखत नाही असं लहान मूल नव्हतं. शाळेच्या कोपऱ्यावर पिवळा लांब कोट घालून, गोल पाटी लावलेली काठी रस्त्यात आडवी धरून पोरांना पलीकडे पोचवायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. एकदा तिनं मयताची गाडी थांबवली होती. आतल्याला घाई नाही, म्हणाली, आणि पोरांची घंटा झाली आहे.

त्या उजव्या गुडघ्यापायी हे सगळं चाललं होतं. मागच्या ऑगस्टमध्ये सर्जननं तिला सांगितलं होतं की गुडघा बदलावा लागेल, पण चौदा स्टोनच्या वर वजन असेल तर तो सुरीला हात लावणार नाही. चौदा पौंडांचा एक स्टोन. बेरिल तेव्हा सोळा स्टोन होती. त्यातच नगरपालिकेचं पत्र आलं : येत्या सप्टेंबरात तपासणी होईल, काठीचा आधार न घेता जिला अर्धा तास उभं राहता येणार नाही तिनं पिवळा कोट परत करावा. म्हणजे गुडघा उन्हाळ्याच्या तोंडाशी बदलला तरच कोपरा राहणार. बेरिलच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

वजन उतरवू पाहणाऱ्या बायकांच्या या गुरुवारच्या मंडळात पहिल्या दिवशी ती काट्याकडे तोंड करून उभी राहिली. तबकडीवरचा सोळा पाहिला आणि तिला घेरी आल्यासारखं झालं. दुसऱ्या गुरुवारपासून ती काट्याकडे पाठ करून उभी राहू लागली. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. निम्म्या बायका तशाच राहायच्या. आकडा वाचायचा थेल्मानं, लिहायचा थेल्मानं, आणि तोंडातून काढायचा कोणीच नाही. त्या गावात बाई आपलं वजन नवऱ्याला सांगत नाही, पाद्र्यालाही सांगत नाही. मंडळ चालवणाऱ्या पिकपबाई कार्ड बघून एवढंच जाहीर करत की आपल्या अमकीचे दोन पौंड गेले, मग टाळ्या. जिचे वाढले तिचं नुसतं नाव घेऊन पुढं जायचं. घरी वजनकाटा ठेवायचा नाही हाही पिकपबाईंचा नियम. बेरिलनं आपला काटा नवऱ्याला, सिरिलला देऊन टाकला. तो बसचालक म्हणून निवृत्त झाल्यापासून भाजीच्या मळ्यात राबत होता आणि प्रदर्शनासाठी भोपळे वाढवत होता. काटा मळ्यातल्या खोपटात गेला.

तर त्या मार्चमधल्या गुरुवारी पिकपबाईंनी कार्ड वाचलं आणि त्यांचा आवाज कापरा झाला. तेरा स्टोन तेरा, हे त्या अर्थातच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आपल्या बेरिलचे पूर्ण दोन स्टोन गेले. निळ्या साटिनचा पट्टा तिच्या खांद्यावरून घातला. सभागृह दणाणलं. थेल्मा मात्र टाळी न वाजवता पेन्सिलीला टोक काढत बसली होती. बेरिलला वाटलं, बिचारी हळवी झाली.

*

मंगळवारी बेरिल इस्पितळात गेली. पर्समध्ये तो निळा पट्टा घडी करून नेला होता, सर्जनला दाखवायला. नर्स पोरसवदा होती. तिनं काट्यावर उभं केलं. बेरिल सवयीनं पाठ करून राहिली.

"चौदा बारा," नर्स म्हणाली, अगदी मोठ्यानं, बसचं तिकीट मागावं तशी.

बेरिलला आधी आकड्याचा नाही, तो उच्चारला गेल्याचाच धक्का बसला. मग आकड्याचा बसला. तिनं कोट काढला. लोकरी जाकीट काढलं, बूट काढले, घड्याळ काढलं. आत गुरुवारचाच पातळ झगा होता. चौदा आठ. नर्सनं काटा शून्यावर आणून पुन्हा बघितलं. चौदा आठच.

पाच दिवसांत नऊ पौंड. बेरिल खुर्चीत बसली आणि पाच दिवसांत तोंडात काय काय गेलं ते आठवू लागली. उकडलेला मासा. कोबी. पाण्यासारखं सूप. शेजारच्या मयताला गेली होती तिथं अर्धं बिस्किट, तेही बशीत ठेवून उठणं बरं दिसेना म्हणून. अर्ध्या बिस्किटाचे नऊ पौंड कुठल्या हिशेबानं होतात ते तिला कळेना. पट्टा पर्समधून बाहेर काढायचं धाडस तिला झालं नाही.

सर्जन माणूस सभ्य होता. म्हणाला की सहा आठवडे देतो, जूनच्या यादीतली जागा तोवर राखून ठेवतो. तेव्हाही वर असाल तर मग नव्या वर्षात. नवं वर्ष म्हणजे सप्टेंबर उलटून गेलेला, कोट परत केलेला, कोपऱ्यावर दुसरं कोणीतरी. बेरिलनं आभार मानले आणि बाहेर आली. दोन थांबे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या बसमध्ये बसलो आहोत.

घरी न जाता ती तशीच मळ्यावर गेली. इस्पितळातला काटा बिघडलेला आहे याबद्दल तिची खात्री झाली होती. सिरिल खोपटात बी निवडत होता. तिनं त्याला काही न सांगता भोपळ्यांचा काटा फळीवरून खाली काढायला लावला. सिरिल आपल्या काट्याच्या बाबतीत फार काटेकोर. साखरेच्या पुड्या ठेवून दर रविवारी तो तपासायचा. बेरिल कोट, जाकीट आणि चिखलाचे बूट काढून वर चढली. पोटाआडून तिला आकडा दिसेना, म्हणून सिरिल गुडघ्यांवर बसून वाचू लागला.

"चौदा आणि आठ," तो म्हणाला. मग वर बघून, "बक्षीस नाही मिळायचं, म्हातारे. गेल्या साली पहिला आलेला भोपळा तुझ्यापेक्षा भारी होता."

तिनं विचारलं, तुझा काटा खोटं दाखवत असेल का. सिरिलनं दोन पुड्या ठेवून दाखवल्या. काटा बरोबर होता. काट्याला तिच्याशी गोड बोलून काय मिळणार आहे, असं सिरिल म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून पुड्या उचलू लागला.

बेरिल उलट्या बादलीवर बसून राहिली. दोन काटे एकच गोष्ट सांगत होते. तिसरा काटा तिनं पहिल्या दिवसानंतर सहा महिन्यांत कधी बघितलाच नव्हता. त्याच्या वतीनं थेल्मा बोलत होती.

थेल्मा. चाळीसहून जास्त वर्षांची मैत्रीण. पंधराव्या वर्षी दोघी एकाच दिवशी गिरणीत लागल्या, शेजारशेजारच्या मागांवर. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर बायका आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून बोलायच्या आणि एकमेकींचे ओठ वाचायच्या. बेरिलच्या लग्नाची बोलणी, थेल्माचं पोटातलं गेलेलं मूल, सगळं त्या दोघींनी असंच एकमेकींना सांगितलं होतं.

*

दोन दिवसांनी गुरुवार आला. पुन्हा सभागृह, पुन्हा रांग, आडोशामागे थेल्मा. बेरिल आत गेली, काट्यावर चढली, आणि या वेळी तिनं पाठ केली नाही. सुईकडे तोंड करून उभी राहिली.

चौदा आठ.

थेल्माच्या हातातली पेन्सिल थांबली. कापडापलीकडे बारा बायका कान देऊन उभ्या होत्या. श्वास घेतला तरी ऐकू गेला असता. बेरिलनं मान वळवली आणि गिरणीतल्यासारखे नुसते ओठ हलवले. कधीपासून?

थेल्मानंही ओठांनीच सांगितलं. नोव्हेंबर.

मग ते अख्खं भांडण तिथं झालं, एक अक्षरही न फुटता. थेल्मानं आठवण करून दिली नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारची, जेव्हा बेरिलचे पहिल्यांदाच दोन पौंड वाढले होते आणि थेल्मानं ते खरं लिहिलं होतं. बेरिल कोट घालताना भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, पुढच्या गुरुवारी मी यायची नाही. पुढच्या गुरुवारी ती आली ती मंडळाचं पाककृतींचं पुस्तक परत करायला. आलीच आहेस तर उभी राहा, थेल्मा म्हणाली होती. अजून दोन वाढले होते. थेल्मानं लिहिलं, एक कमी. बेरिलनं कार्ड बघितलं आणि पुस्तक पुन्हा पिशवीत टाकलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच, आणि त्याच्या पुढच्याही. दर खेपेला तीन पौंडांचं खोटं. मग बेरिलचं वजन खरोखर उतरू लागलं, पण कार्ड नऊ पौंड पुढं पळालं होतं, आणि त्याला मागं कसं आणायचं ते थेल्माला सुचेना. दर गुरुवारी खऱ्या आकड्यातून नऊ काढायचे आणि लिहायचं. पट्टा दिला त्या रात्री तिला झोप लागली नव्हती.

माझा गुडघा गेला तुझ्या दयेपायी, बेरिलचे ओठ म्हणाले.

तू मंडळ सोडून गेली असतीस तर गुडघा तेव्हाच गेला असता, थेल्माचे म्हणाले. आज सतरा असतीस.

बेरिलचा हात आडोशाच्या दांडीवर घट्ट होता. रागापेक्षा तिला या गोष्टीनं हादरवलं की हे खरं होतं. त्या दिवशी एक कमी लिहिलं नसतं तर ती आलीच नसती. नंतर वीस पौंड गेले होते ते तिचे खरे होते, पण ते उभे होते एका खोट्या आकड्यावर. कशावर चिडावं हेच तिला समजेना. थेल्मानं पेन्सिल टेबलावर ठेवली आणि पिकपबाईंना जाऊन सांग, असं खुणेनं म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती नजर चुकवत नव्हती.

बेरिल खाली उतरली. अनवाणी, पाय ओढत ती आडोशाबाहेर आली आणि सभागृहाच्या पुढच्या बाजूला गेली. पिकपबाई कार्डासाठी हात पुढं करून हसत होत्या. बेरिलनं पर्समधून निळा पट्टा काढून त्या हातावर ठेवला.

"माझं वजन चौदा स्टोन आठ पौंड आहे," ती म्हणाली.

कोणाची तरी खुर्ची करकरली. रांगेत पुढं उभ्या असलेल्या डोराच्या मुठीतली कानातली जमिनीवर पडली आणि घरंगळत गेली, तरी कोणी ती उचलायला वाकलं नाही. पिकपबाईंचा चेहरा असा झाला की जणू चर्चमध्ये कोणी झगा काढून ठेवला. त्या हळू आवाजात म्हणाल्या की बेरिल, असं बोलत नाहीत, आपण आत जाऊन बघू, काहीतरी चूक असेल. बेरिल म्हणाली की चूक आहेच, आणि ती तिची आहे. इतके दिवस पाठ करून उभी राहायची ती टेबलाला हात टेकून, गुडघा दुखतो म्हणून. काट्यावर पुरतं वजन पडतच नव्हतं. थेल्मा बिचारी जे दिसायचं ते लिहीत होती.

आडोशाच्या फटीतून थेल्मा बघत होती. तिचं तोंड उघडं राहिलं.

पिकपबाईंनी पट्टा घडी करून ठेवला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. अशा वेळी काय करायचं असतं ते कोणालाच माहीत नव्हतं. पुढचा नंबर डोराचा होता. ती आडोशापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि आपला चष्मा घेऊन गेली.

*

त्यानंतरचे काही आठवडे बेरिल थेल्माशी कामापुरतं बोलत होती. पण गुरुवारी काट्याकडे तोंड करून उभी राहायची आणि म्हणायची, वाच. थेल्मा मोठ्यानं वाचायची. पहिल्या वेळी तिचा आवाज असा थरथरला की रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. चौदा सहा.

मग ईस्टर आला. मुलगी, जावई, नातवंडं आली, आणि बेरिलनं दोन दिवस स्वतःला आवरलं, तिसऱ्या दिवशी नाही. त्या गुरुवारी थेल्मानं वाचलं, चौदा सात. एक पौंड वर. नोव्हेंबरात ही बाई अशाच एका आकड्यावर उठून गेली होती हे सगळ्यांना आठवत होतं. बेरिलच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिला दाराकडे बघावंसं वाटलं आणि तिनं बघितलंही. मग ती खाली उतरली, बूट चढवले, म्हणाली की मनुकांचे पाव होते, तीन खाल्ले, लोणी लावून, आणि नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसली. शेजारणीनं तिच्याकडे असं पाहिलं जसं कोणी मेलेला माणूस उठून बसलेला पाहावा.

गुडघ्यामुळे चालणं जमत नव्हतं, म्हणून ती मंगळवारी, शुक्रवारी नगरपालिकेच्या तलावात पोहायला जाऊ लागली. दुसऱ्या मंगळवारी तिथं थेल्मा उभी दिसली, रबरी फुलांची टोपी घालून. तिला पोहता येत नव्हतं. ती उथळ पाण्यात कठड्याला धरून उभी राहिली आणि बेरिलच्या फेऱ्या मोजू लागली. तलावात आवाज इतका घुमायचा की बोललेलं कळायचं नाही. चौथ्या फेरीला बेरिलनं कठडा धरला आणि पाण्यातून डोकं काढून ओठ हलवले. टोपी भयंकर आहे.

बहिणीची आहे, थेल्माचे ओठ म्हणाले.

एवढ्यावर ते मिटलं. चौदा पाच, चौदा तीन, चौदा दोन.

*

मे महिन्यातल्या मंगळवारी दोघी इस्पितळात गेल्या. तीच नर्स होती. बेरिलनं सगळं काढलं, लग्नाची अंगठीसुद्धा. बोट बारीक झालं होतं, ती आपसूक निघाली. काट्याकडे तोंड करून ती वर चढली. सुई हलली, डुगडुगली, थांबली.

चौदा स्टोन, एक पौंड.

बेरिल त्या एका रेघेकडे बघत राहिली. सुईच्या जाडीएवढी ती रेघ. तिला शाळेचा कोपरा दिसला, पिवळा कोट दुसऱ्या कोणाच्या अंगावर.

नर्सनं दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. ती म्हणाली की एका पौंडानं काय होतंय, ती चौदा लिहून टाकते, कोणाला कळणार नाही.

बेरिलला हे ऐकून जो धक्का बसला तो सुईच्या धक्क्याहून मोठा होता. तोच काटा, तीच पेन्सिल, तीच माया. नर्सच्या खांद्यामागून थेल्माचे ओठ जीव तोडून हलत होते. हो म्हण. हो म्हण, मूर्ख बाई, हो म्हण.

"चौदा आणि एक लिही, पोरी," बेरिल म्हणाली. "जे आहे ते."

नर्स कार्ड घेऊन आत गेली. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. थेल्मा बेरिलचा हात धरून होती आणि तिच्या कानात सांगत होती की आयुष्यात असली गाढव बाई पाहिली नाही. खरं बोलायला आपल्याला कोणी सांगितलं होतं, असं बेरिलला वाटत होतं. दहा मिनिटांनी नर्स परत आली. सर्जननं मार्चमधला आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून बघितले होते. या गुडघ्यावर सहा आठवड्यांत सात पौंड उतरवणारी बाई एका पौंडासाठी नव्या वर्षापर्यंत ताटकळत ठेवायची नाही, असं तो म्हणाला होता; तो पौंड शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत घालवा म्हणजे झालं. सात जून, सकाळी आठ वाजता.

थेल्मानं पर्समधून रुमाल काढला आणि भर व्हरांड्यात मोठ्यानं रडली. बेरिलला रडू येत नव्हतं. ती अंगठी पुन्हा बोटात घालत होती आणि अंगठी सैल फिरत होती, त्याचंच तिला नवल वाटत होतं.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. थेल्माला पुढं जागा मिळाली, बेरिलला मागं. इंजिनाच्या घरघरीत थेल्मानं वळून ओठांनी विचारलं, आता तारीख मिळाली, आता कशाला येशील तू सभागृहात?

बेरिलनं उत्तर ओठांनी दिलं नाही. ते सगळ्या बसनं ऐकलं.

"पुढच्या गुरुवारी मी येणार आहे, थेल्मा. चष्मा पुसून ठेव."